यमुने, एक की दोन?

यमुने, तुला शिव्या द्याव्यात की तुझ्यासाठी रडावं हे ठरत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. पोट इतकं पुढे आलं आहे की टेबलाशी बसता येत नाही. उशीवर कागद ठेवून लिहिते. तू असतीस तर लगेच ओरडली असतीस, "कायले तरास करून घेऊन राहिली वं? आडवी हो, पाहू दे मले." कोण पाहणार आता? तिकडे अकोल्याला तुला कावीळ झाली, डोळे पिवळेधमक झाले म्हणून निरोप आला. मी अमरावतीहून निघायची तयारी करते न करते तोच दुसरा निरोप आला, की तू गेलीस.

तुझं शेवटचं तोंडही मला पाहू दिलं नाही. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "पोटुशी बाई मयताच्या घरी जात नसते. माह्या जिवात जीव हाय तोवर तं नाईच." मी एवढी शिकलेली सिस्टर. ग्रहणात भाजी चिरली तरी काही होत नाही, विहिरीवरून गेलं तरी काही होत नाही, हे बायकांना सांगण्यात माझा जन्म गेला. आणि त्या दिवशी मी चपला पायात घालून ओसरीवर बसून राहिले. शेवटी माझ्या लेकीनं, मंदानंच, माझ्या पायातल्या चपला काढल्या.

आता इथे दवाखान्यात सगळे तुझ्याबद्दल बोलतात. यमुनाबाईंच्या हाताला गुण होता, यमुनाबाईंसारखी तपासणी पुन्हा होणे नाही. खरं सांगू? मला ऐकवत नाही. जिवंतपणी ऐकलं तेवढं पुरे होतं. मेल्यावरसुद्धा तुझंच कौतुक! हो, मी जळते तुझ्यावर. जळकुकडी हे नाव तूच मला ठेवलं होतंस आणि ते शंभर टक्के खरं आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मेलेल्या माणसावर जळू नये असं मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

त्यात आपलं भांडण तू अर्धवट टाकून गेलीस. तू म्हणालीस माझ्या पोटात दोन आहेत. मी म्हटलं एक. आणि दोन असले तर एक तुला हवं होतं.

आपण दोघी अमरावतीच्या बायकांच्या दवाखान्यात शिकायला आलो, तेव्हा मी चांदूर रेल्वेच्या खाऊन-पिऊन सुखी शेतकऱ्याची लेक होते आणि तू बाळापूरच्या बाजारात पोती वाहणाऱ्या बापाची. आपल्याला एक खोली मिळाली. पहिले काही दिवस मी माझा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवत होते, आणि तू तो बघून हसत होतीस. लेखी परीक्षेत मी पहिली यायचे. तेव्हा मला तू आवडायचीस, कारण तू पहिली येत नव्हतीस.

मग मोठ्या सिस्टरनी पोट तपासायला शिकवलं आणि माझं सुख संपलं. बाईला आधी लघवीला जाऊन यायला सांगा. उताणी झोपवा, गुडघे दुमडायला लावा, स्वतःचे हात गरम करा. मग वरून सुरुवात करायची: गर्भाशयाच्या माथ्याशी काय आहे, डोकं की ढुंगण. मग दोन्ही कुशींवर हात ठेवून बाळाची पाठ कुठल्या अंगाला आहे आणि हातपाय कुठे, ते पाहायचं. मग खाली ओटीपोटाशी. आणि शेवटी बाईच्या पायांकडे तोंड करून उभं राहायचं आणि डोकं किती उतरलं ते बोटांनी शोधायचं. मी हे धडाधड पाठ केलं. सिस्टर उशीच्या खोळीत कापडी बाहुली घालून वर घोंगडी पसरायच्या आणि एकेकीला विचारायच्या. मी एकेक पायरी चढत बरोबर उत्तराला पोचायचे. तू नुसती हात ठेवून थांबायचीस. मला वाटायचं ही उभ्या उभ्या झोपली की काय. मग डोळे मिटूनच सांगायचीस, "आडवं हाय. डोस्कं डाव्या कुशीत." तू कधीच चुकली नाहीस. तिळपापड व्हायचा माझा.

मी एकदा तुला विचारलं होतं, वर डोकं आहे की ढुंगण हे तुला इतक्या लवकर कळतं कसं? तू म्हणालीस, "डोस्कं म्हन्जे कवठ. टणक. ढकललं का मानेवर टुणकन हालते अन् वापस येते. ढुंगण म्हन्जे उकडलेला बटाटा. थे हालवलं तं अख्खं लेकरूच हालते." हेच पुस्तकात दोन पानं भरून लिहिलं होतं आणि मी ते घोकलं होतं. वर्गात सिस्टरनी विचारलं तेव्हा मी कवठ-बटाटा सांगून टाकलं. सगळ्या हसल्या, सिस्टर मला शाबास म्हणाल्या. तू मागच्या बाकावरून माझ्याकडे नुसती बघत होतीस. तू तेव्हा भांडली असतीस तर किती बरं झालं असतं.

नंतर आपण दोघी तिथेच कामाला लागलो. बाह्यरुग्णांच्या खोलीत दोन टेबलं, एक तुझं, एक माझं. सुरुवातीला बायका विचारायच्या, "तू कोनाची वं?" तू सांगायचीस, लपवायची नाहीस. मग काहीजणी पदर खाली ओढून मुकाट्यानं माझ्या टेबलाकडे यायच्या. हे वाईट आहे हे मला कळत होतं, पण माझी रांग लांब व्हायची ते काही मला नकोसं वाटत नव्हतं. पुढे तुमच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तू पांढरं पातळ नेसून परत आलीस आणि कोणाची विचारलं की आणखी मोठ्यानं सांगू लागलीस. पण तोवर बायकांना तुझे हात कळले होते. रांग फिरली. एकदा माझी सख्खी मामी चांदूरहून आली. माझ्यासमोर टेबलावर झोपली, मी पोटावर हात ठेवला, तशी मान वळवून म्हणते कशी, "लीले, थे बाळापूरची पोट्टी सुट्टीवर हाय का वं?"

सख्खी मामी! त्या दिवशी मी जेवले नाही. तू दोनदा ताट वाढून आणलंस आणि दोनदा परत नेलंस.

तुझी सगळी युक्ती मी चोरून पाहिली होती. चहाचा गरम पेला दोन्ही हातांत धरून बसायचं, कारण गार हात लागला की पोट दगड होतं. मग बाईला विचारायचं, आज घरी काय रांधलं? ती सांगायला लागली, हसली, की पोट सैल पडतं आणि बाळ हाताला लागतं. मीही एका बाईला विचारलं, आज काय रांधलं? ती रडायलाच लागली. नवऱ्याशी त्यावरूनच वाजलं होतं तिचं. पोट असं काही ताठलं की आत लेकरू आहे की वरवंटा, ते कळेना. तू शेजारच्या टेबलावर तोंडात पदर कोंबून हसत होतीस. तेव्हा मला तुझा गळा दाबावासा वाटला होता. आज ते हसू आठवलं आणि मी एकटीच हसले. सासूबाई पाहायला आल्या, हिला काय झालं म्हणून.

एक दिवस मात्र माझा होता, यमुने. तो तुझ्या कौतुकाच्या ढिगात कोणाला ठाऊक नाही. तुझं लग्न होऊन तू अकोल्याच्या दवाखान्यात बदलून गेलीस. दाजी सरकी-कापसाच्या फॅक्टरीत होते. एका रविवारी तू बस धरून एकदम दारात उभी राहिलीस. अकोल्यात डॉक्टर होते, सिस्टर होत्या, तुझं स्वतःचं नाव होतं. तू आलीस माझ्याकडे. आडवी झालीस आणि म्हणालीस, "पाह्य बरं, हाय का."  मी चहाचा पेला धरला, मग ओटीपोटाच्या हाडाच्या वर बोटं टेकली. गर्भाशय नुकतं वर डोकावत होतं. मी म्हटलं, "हाय." तू माझा हात तसाच दाबून धरलास. किती वेळ धरलास ते मला माहीत नाही, पण त्या वेळात मी तुझ्यावर जराही जळत नव्हते. ते लेकरू पुढे टिकलं नाही. त्यानंतर तुला कधी दिवस गेले नाहीत. तू त्याबद्दल बोलली नाहीस आणि मीही विचारलं नाही.

मग मंदाच्या वेळचं. आता हसू नकोस. मी रोज रात्री झोपण्याआधी स्वतःचं पोट स्वतः तपासत होते. कोणाही साध्या बाईनं हे केलं नसतं; हा मूर्खपणा करायला सुईणपणच शिकलेलं असावं लागतं. दुसरीचं पोट पाहताना हात समोरून जातात, स्वतःचं पाहताना वरून उलटे येतात. मान उचलून बघावं तर पोट ताठतं, मान टेकवावी तर काही दिसत नाही. तरी मी छातीठोक सांगत होते, डोकं खाली आहे. तू आलीस, हात ठेवून थांबलीस आणि म्हणालीस, "लीले, डोस्कं वर हाय. तुह्या बरगडीखाली बसून राहिलं थे." मी म्हटलं, "मी काय कालची आली का?" तू माझीच बोटं धरून बरगडीखाली नेलीस आणि त्या टणक गोळ्याला हलकेच ढकललंस. तो मानेवर हलला आणि परत आला. मी तुझा हात झटकून टाकला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या होत्या. तू तेल लावलंस, पोट सैल पडेपर्यंत मामीच्या त्या वाक्याची नक्कल केलीस, मला हसवलंस आणि एक हात डोक्याला, एक ढुंगणाला लावून बाळाला कलानं वळवू लागलीस. मध्येच थांबून लाकडी नळी टेकवायचीस, नळीच्या दुसऱ्या तोंडाला कान लावून ठोके ऐकायचीस. एक बोट माझ्या मनगटावर असायचं, माझी नाडी बाळाची म्हणून मोजली जाऊ नये म्हणून. मग पुन्हा हात. शेवटी माझ्या आत काहीतरी मोठं घसरल्यासारखं झालं. तू म्हणालीस, "घ्या. पोरगी शहाणी हाय, मायसारखी अडेल नाई." पोरगी असल्याचं तुला कुठून कळलं होतं, काय माहीत. पण पोरगीच झाली.

लोक म्हणाले केवढे उपकार. उपकार तर आहेतच, यमुने, ते मी जन्मभर मानते. पण माझ्या लेकीचं डोकं माझ्याआधी तू हातात धरलंस, हे मला कधी सहन झालं नाही. आणि त्या पोरीनंही ते जणू ओळखून ठेवलं होतं. तू बसमधून उतरलीस की माझा हात सोडून तुझ्याकडे धावायची. तुझ्या मांडीवर झोपायची. ताप आला की मावशी पाहिजे. माझ्या हातचं औषध थुंकायची, तुझ्या हातचं गिळायची. एकदा मी म्हटलं, जा मग मावशीकडेच राहायला. तिनं खरंच पिशवी भरायला घेतली. तू खळखळून हसलीस. मी हसले नाही, आणि तुझं हसूही लगेच विरलं.

आणि आता हे. किती वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. पोट महिन्यांच्या मानानं फार मोठं दिसत होतं. मी मुद्दाम अकोल्याला तुझ्याकडे आले. तुझ्या घरी बाजेवर आडवी झाले. तू हात ठेवलेस आणि थांबलीस, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग म्हणालीस, "दोन हायेत."

"काहीतरीच," मी म्हटलं. "पाणी जास्त हाय. एकच हाय."

"हातपाय पाह्य किती लागून राहिले. दोन हायेत, लीले." आणि मग, पदरानं माझ्या पोटावरचं तेल पुसता पुसता, "दोन असले तं एक मले देजो."

मी ताडकन उठून बसले. "एकच हाय. अन् देत नाई."

"अवं, दोनातलं मांगून राहिली मी. एकातलं थोडीच मांगून राहिली?"

"मंदी नेली तेवढी पुरे नाई झाली का तुले?"

 चहा ठेवायला उठलीस. चहा घेताना आपण ठरवलं की हे भांडण नळ्यांनी मिटवायचं. जुळं आहे की नाही हे पाहायची आपली जुनी रीत: पोटाच्या दोन अंगांना दोन जणींनी एकाच वेळी नळ्या लावायच्या आणि कानाला येणाऱ्या ठोक्याबरोबर हवेत बोट हलवायचं, एकमेकींकडे न बघता. बोटं एका तालात पडली तर काळीज एक. मागेपुढे झाली तर दोन. तू म्हणालीस, दिवाळीला येईन, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तुमच्याकडची कोणी. बस सुटताना खिडकीशी येऊन पुन्हा म्हणालीस, "दोन हायेत पाह्य." मी तोंड फिरवून घेतलं.

दिवाळी आली आणि तू नव्हतीस.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शंका असेल तर पोटाचा एक्स-रे फोटो काढू. मी नको म्हटलं. हे माझं आणि तुझं होतं. गेल्या आठवड्यात मी आमच्या तारा आणि सुशीला या दोन्ही सिस्टरना बोलावलं, त्याच जुन्या टेबलावर आडवी झाले. तारा डावीकडे, सुशीला उजवीकडे. दोघींनी नळ्या टेकवल्या, हात सोडले, डोळे मिटले. दोघींची बोटं वर झाली. मला दोन्ही बोटं दिसत होती. मी देवाचं नाव घेतलं नाही, तुझं घेतलं: यमुने, हार, आता तरी हार.

बोटं एकदम खाली आली. एकदम वर गेली. पुन्हा एकदम खाली. मी किती तरी वेळ बघत राहिले, चुकून तरी एक मागे पडतं का म्हणून. नाही पडलं. एकाच काळजाचे ठोके दोघी ऐकत होत्या.

"जिंकले!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की ताराच्या हातून नळी पडली. आपण शिकायला आलो तेव्हापासून मी ज्याची वाट पाहत होते ते झालं होतं. यमुनेचा हात चुकला! मला ते सगळ्या दवाखान्याला सांगायचं होतं, मामीला सांगायचं होतं. आणि पहिल्यांदा ज्या बाईला सांगायचं होतं ती नव्हती. मी त्या टेबलावर पडून रडले. पोरींना वाटलं, जुळं नाही म्हणून सिस्टर रडते आहे.

परवा दाजी आले. तू नेहमी आणायचीस तशा मंदासाठी रेवड्या घेऊन आले होते. किती वाळले आहेत ग ते. मी त्यांना चहा दिला आणि माझ्याच्यानं राहवेना. कोणाला तरी तुझी हार सांगितल्याशिवाय मला घास गेला नसता. मी म्हटलं, "दाजी, तुमच्या बाईचा हात चुकला बरं. दोन नाईत. एकच हाय."

ते म्हणाले, "चुकला काहून? तिले ठाऊकच होतं. तुमी बसमदी बसून गेले, त्याच सांजेले मले म्हने, लीलाले एकच हाय, पन चांगलं भरलेलं हाय. पाणी जरा जास्त हाय म्हने."

"मंग मले दोन हायेत काहून सांगितलं?"

दाजींनी पेला खाली ठेवला. "मी बी इचारलं ना. म्हने, तुमाले नाई समजत थे. अन् मंग आतमदी जाऊन बसली."

तर हेही तूच जिंकलीस. मी एवढं ओरडून जे मिळवलं तेही माझं नव्हतं. पाणी जास्त आहे हे मी तुझ्यासमोर बोलले होते, ते तुझ्या हातांना आधीच ठाऊक होतं. तो हात तेव्हाही चुकला नव्हता. तू मुद्दाम खोटं बोललीस, यमुने, जन्मात पहिल्यांदा एखाद्या पोटाबद्दल खोटं बोललीस. कोणाच्याही घरचं, त्यातून आमच्यासारख्यांच्या घरचं, पोटातलं एकच लेकरू कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही. ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणून तू आधी एकाचे दोन केलेस, आणि मग त्यातलं एक मागितलंस, हसत हसत, तेल पुसता पुसता. आणि मी तुला मंदीचं ऐकवलं.

पोटातलं आता सारखं लाथा मारतं. डोकं खाली आहे म्हणतात. मी स्वतः तपासलेलं नाही. हे माझंच आहे, आणि मी माझंच ठेवणार आहे. पण तुला हवं होतं तर तू खरं बोलून, एकाचं एक म्हणून, माझ्या तोंडावर मागायचं होतंस. मी दिलं नसतं. मी कडाकडा भांडले असते, तुला घरातून चालती हो म्हटलं असतं, आणि मग बसस्टँडवर तुझ्यामागे धावत आले असते. पण तू मागायचं तरी होतंस ग.